'आधी पूर्ण बरा होऊ दे, मग नोकरी'

पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 44 वर्षांच्या आहेत. त्यांच्या धाकट्या भावाला (वय 31) सात वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं. आई-वडील हयात नाहीत. भाऊ बहिणीजवळच राहतो. त्याच्यासाठी त्यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःची नोकरी सोडली. गेली दोन वर्षं आजार आटोक्यात आहे. कुणी बोलत नसताना ऐकू येणारे आवाज अजून अधूनमधून येतात, पण तो त्यांच्या नादी लागत नाही. रोज रात्री ताई गोळ्या मोजून त्याच्या हातावर ठेवतात. आठवड्यातून दोन दिवस तो सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रात जातो. तिथे एक पीअर सपोर्ट वर्कर आहे, म्हणजे स्वतः याच आजारातून गेलेला आणि त्या अनुभवातून इतरांना आधार देणारा कार्यकर्ता. त्याची ओळख झाल्यापासून भाऊ म्हणतोय, 'मला काम करायचंय.' एका ग्रंथालयात अर्धवेळ काम मिळण्यासारखं आहे. ताईंचं म्हणणं, आधी आवाज थांबू देत, गोळ्या सुटू देत, मग नोकरी. यावरून महिन्याभरापूर्वी भांडण झालं आणि तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो. त्या विचारतात: तो खरंच कधी बरा होईल का? नोकरीच्या ताणाने आजार उलटला तर जबाबदार कोण? आणि त्या माणसाला त्याला भेटू द्यावं का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. 'रात्री त्याच्या खोलीतला दिवा मालवला की मी दाराबाहेर उभी राहते. कूस बदलल्याचा आवाज आला, घोरणं ऐकू आलं, की मग झोपायला जाते.' चार वर्षं, रोज. इतकं करणाऱ्या माणसाला कुणी 'त्याला जरा मोकळं सोडा हो' असं जाता जाता सांगावं, याचा मला राग येतो. मी तसं सांगणार नाही. पण तुमच्या म्हणण्यातला एक शब्द उचलून नीट बघायला हवा. तो शब्द म्हणजे 'आधी'.

आधी आवाज थांबू देत, आधी गोळ्या सुटू देत. आजार संपला की मगच आयुष्य सुरू होतं, अशी यामागे समजूत आहे. ती तुमच्या एकटीची नाही, कित्येक वर्षं डॉक्टरांचीही तीच होती. हाड मोडलं तर ते जुळेपर्यंत पायावर भार देत नाहीत, तसंच हेही, असं वाटणं साहजिक आहे. पण या आजारात हा क्रम टिकत नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली गोष्ट सांगते. 1950 च्या दशकात तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत अशी माणसं होती, की ती आता कधी घरी जाणार नाहीत हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. त्यांतल्या 269 जणांना पुनर्वसनाच्या एका कार्यक्रमात घेतलं गेलं. राहायला जागा, काम, आणि बाहेर पडल्यावरही पाठीशी उभी राहणारी माणसं, असा तो कार्यक्रम होता. सरासरी 32 वर्षांनी कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्यांचा माग काढला. 1987 मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्मे ते दोन तृतीयांश लोक एकतर खूप सुधारले होते किंवा बरे झाले होते. पुढे मेन राज्यातल्या तशाच रुग्णांशी त्यांची तुलना झाली. तिथे असा कार्यक्रम राबवलेला नव्हता. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात व्हरमाँटची माणसं कामधंद्यात, लक्षणांच्या बाबतीत आणि चारचौघांतल्या वावरातही सरस निघाली. त्यांना जागा आणि काम द्यायला कुणी पूर्ण बरं होण्याची वाट पाहत बसलं नव्हतं.

म्हणजे तुमचा भाऊ नक्की बरा होईल, असं मी लिहून देऊ का? नाही. 'बरा' कशाला म्हणायचं यावर ते ठरतं. लक्षणं आणि सामाजिक आयुष्य या दोन्हींत चांगली सुधारणा, आणि त्यातली एक तरी दोन वर्षं टिकलेली, अशी कडक कसोटी लावून 2013 मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तिला उतरणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम 13.5% निघालं. व्हरमाँटचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवले की माणूस गोंधळतो. मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो, एवढंच त्यातून घ्या. आणि तुमची मोजपट्टी या दोन्हींहून कडक आहे! आवाज अजिबात नकोत, गोळ्या अजिबात नकोत. या मापाने तुमचा भाऊ आयुष्यभर नापास होत राहील, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.

आपल्या भाषेत बरं होण्याच्या शेजारी आणखी एक शब्द आहे: सावरणं. एखादं घर सावरलं असं आपण म्हणतो तेव्हा त्या घरात काही घडलंच नाही असं म्हणत नाही. घडलं, काही गमावलं, आणि तरी ते घर उभं राहिलं. इंग्रजीतल्या 'रिकव्हरी' या शब्दाला मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आज जो अर्थ आलाय, तो मला सावरण्याच्या फार जवळचा वाटतो. मानसिक पुनर्वसनाच्या क्षेत्रातले अमेरिकन अभ्यासक विल्यम अँथनी यांनी 1993 मध्ये त्याची जी मांडणी केली तिचा आशय असा, की आजाराने घातलेल्या मर्यादा असतानाही समाधानाचं, आशेचं, इतरांना हातभार लावणारं आयुष्य जगता येतं, आणि त्याची वाट प्रत्येकाची वेगळी असते. त्याआधी 1988 मध्ये पॅट्रिशिया डीगन यांनी हेच स्वतःच्या अनुभवातून लिहिलं होतं. किशोरवयात त्यांना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं आणि पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या. ही वाट सरळ रेषेत जात नाही, माणूस अडखळतो, मागे येतो, पुन्हा निघतो, हे त्यांचं सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

2011 मध्ये काही संशोधकांनी या विषयावरचं लेखन एकत्र करून सावरणाऱ्या माणसांच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा काय येतं ते पाहिलं. पाच गोष्टी आल्या: माणसांशी जोडलेलं असणं, आशा, आजारापलीकडची ओळख, जगण्यात काही अर्थ असणं आणि स्वतःच्या आयुष्याचा लगाम स्वतःच्या हातात असणं. आता ग्रंथालयातलं ते अर्धवेळ काम या पाचांशेजारी ठेवून बघा. चार तास का होईना, तिथे तो कुणाचा पेशंट नसेल. परत आलेली पुस्तकं जागेवर लावणारा, एखाद्या वाचकाला 'ते पलीकडच्या कपाटात आहे' असं सांगणारा माणूस असेल.

आता ताणाचं. तुमची भीती खोटी नाही. ताण वाढला की आजार उलटू शकतो. पण रिकामपणाचाही ताण असतो, तो आपल्याला दिसत नाही. दिवसभर घरात बसलेल्या माणसाच्या कानांशी आवाजांना बोलायला भरपूर वेळ मिळतो. मागच्या दोन्ही वेळी रुग्णालयात न्यावं लागलं तेव्हा तो नोकरी करत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवून बघा. आणि हेही तपासलं गेलंय. युरोपातल्या सहा शहरांत गंभीर मानसिक आजार असलेल्या 312 जणांवर एक चाचणी झाली, 2007 मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांना नेहमीच्या पद्धतीने आधी प्रशिक्षण, मग काम. बाकीच्यांना थेट खऱ्या नोकरीत घालायचं आणि मदतनीसाने सोबत राहायचं. या पद्धतीला आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात. दुसऱ्या गटातल्या 55% लोकांनी प्रत्यक्ष काम केलं, पहिल्यातल्या 28% लोकांनी. आणि तुमच्या भीतीचं उत्तर पुढे आहे: पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण थेट कामाला लागलेल्या गटात 20% होतं, आधी प्रशिक्षण घेतलेल्या गटात 31%. कामाने माणसं कोसळली नाहीत.

या पद्धतीच्या चारपाच गोष्टी कुठेही वापरता येतात. काम त्याच्या आवडीचं हवं, आपल्याला 'झेपेल' वाटतं ते नव्हे. ते खरं काम हवं, वेळ घालवायला दिलेलं नको. आजाराबद्दल मालकाला सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. आपण परस्पर फोन करायचा नाही. मदत नोकरी लागल्यावर थांबत नाही, उलट तेव्हाच तिची खरी गरज असते. आणि पहिली नोकरी सुटली तर तो शेवट नाही. काय जमलं, काय जमलं नाही ते बघून दुसरी शोधायची. तुमच्या केंद्रात रोजगारासाठी वेगळा माणूस आहे का ते विचारा. नसेल तर त्याच्या समाजसेवकाला किंवा त्या पीअर सपोर्ट वर्करलाच विचारा, की पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा बसून कामाबद्दल बोलाल का. त्यासाठी मोठ्या पदव्या लागतातच असं नाही. भारतात तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आधार दिला. फायदा माफक होता, पण खरा होता.

गोळ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलते, कारण इथे चूक महागात पडते. 'गोळ्या सुटणं' ही बरं होण्याची खूण धरू नका. 2012 मध्ये 65 चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत 27% आणि बंद केलेल्यांत 64% होतं. हळूहळू, देखरेखीखाली कमी करून पाहण्याची मोठी चाचणी 2023 मध्ये आली. तिथेही दोन वर्षांनी सामाजिक आयुष्य काही सुधारलेलं नव्हतं आणि गंभीरपणे उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. काही जणांना डोस कमी करता येतो, हे खरंय. पण ते डॉक्टर आणि तो मिळून ठरवतील. नोकरीसाठी विचारायची गोष्ट वेगळी आहे: सकाळी गुंगी राहते का, गोळीची वेळ बदलता येईल का? ग्रंथालय दहाला उघडत असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी डॉक्टरांकडे न्या. आणि गोळ्या मोजून हातावर ठेवणं आता थांबवायची वेळ आलीय असं मला वाटतं. सात कप्प्यांची डबी आणा. रविवारी ती त्याने भरायची, तुम्ही पुढच्या रविवारी बघायची. हे त्याच्याशी बोलून ठरवा, लपूनछपून तपासणी नको.

आता जरा अवघड बोलते. 1950 च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या लक्षात आलं, की रुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेली माणसं भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत दाखल होतात. जिथे प्रेम जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त! पुढच्या अभ्यासांतून उलगडा झाला. सतत टीका, वैरभाव, किंवा पराकोटीची काळजी आणि गुंतणूक असेल तिथे धोका वाढत होता, आणि अशा घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर सहवास असेल तर आणखी. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. ही तीव्रता बहुतेकदा थकव्यातून आणि भीतीतून येते. तुमचा आणि त्याचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला किती तास होतो, हे एकदा कागदावर मांडून बघा. तो अर्धवेळ कामाला गेला तर वीसेक तास तरी आपोआप कमी होतील, आणि ते तुम्हा दोघांच्याही औषधाला येतील.

'गुंतणूक' म्हणजे काय, ते सांगण्यापेक्षा दाखवते. मी सामुदायिक मानसिक आरोग्य सेवेत काम करत असताना एक आई आपल्या पंचविशीच्या मुलाला घेऊन आल्या. मी त्याला विचारलं, 'सकाळी किती वाजता उठतोस?' आई म्हणाल्या, 'दहाला, गोळ्यांमुळे.' 'दिवसभर काय करतोस?' आई: 'काही नाही, पडून असतो.' तो बसच्या तिकिटाची बारीक सुरळी करत होता, उलगडत होता, पुन्हा करत होता. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली, आईंना हाताने जरा थांबायची खूण केली आणि विचारलं, 'काय करायला आवडेल?' सुरळी झाली, उलगडली. आईंचे ओठ दोनदा हलले, पण त्या थांबल्या. मिनिटभर तरी गेलं असेल. मग तो तिकिटाकडेच बघत म्हणाला, 'सायकली दुरुस्त करायला.' आई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना हे माहीतच नव्हतं. या आजारात विचारांचा वेग मंदावतो, शब्द जुळवायला वेळ लागतो. घरातली मायेची माणसं ती शांतता भरून काढतात, आणि मग त्या माणसाला बोलायची सवयच राहत नाही.

त्या पीअर सपोर्ट वर्करबद्दल तुम्ही 'त्याने डोक्यात भरवलं' असं लिहिलंय. मला वाटतं, इच्छा आतच होती, समोर बसलेल्या माणसाकडे बघून ती बोलून दाखवायचा धीर आला. तुम्ही सात वर्षं 'सगळं ठीक होईल' म्हणताय, पण तुम्ही त्या आजारातून गेलेल्या नाही; तो गेलाय, आणि रोज कामावर येतोय. हा पुरावा तुम्ही किंवा मी देऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये 441 जणांवर झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, संकटकाळातल्या उपचारांनंतर अशा अनुभवी सोबत्याच्या मदतीने स्वतःची सावरण्याची योजना आखणाऱ्यांपैकी 29% जणांना वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत यावं लागलं. ज्यांना नुसतं योजनेचं पुस्तक पोस्टाने मिळालं, त्यांच्यात 38%. तेव्हा भेटू द्या. इतकंच नाही, तुम्हीही एकदा भेटा, भावाला विचारून. एक हद्द मात्र असलीच पाहिजे: गोळ्या बंद कर, कमी कर, असं सांगणं त्याचं काम नाही. तसं काही कानावर आलं तर केंद्रात सरळ बोला.

'आजार उलटला तर जबाबदार कोण?' हा प्रश्न आज तुम्ही एकट्याने उचललाय. तो वाटून घ्यायचा, त्यासाठी एक कागद पुरतो. तुमचा भाऊ, तुम्ही आणि केंद्रातलं कुणीतरी, तिघं बसा. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, की मागच्या दोन्ही वेळी सुरुवात कशी झाली होती. झोप कमी झाली? फोन बंद ठेवू लागला? टीव्हीतली माणसं आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटू लागलं? प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात आणि बहुतेकदा काही दिवस, काही आठवडे आधी दिसू लागतात. त्याखाली लिहायचं: हे दिसलं तर मी काय करेन, ताईने काय करायचं, काय करायचं नाही, आणि कुणाला फोन करायचा. 'ताईने रडायचं नाही, सरळ विचारायचं' असं काही त्याने लिहिलं तर वाईट वाटून घेऊ नका, तेच सोनं आहे. एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे, एक केंद्रात. पण जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं, आवाजांनी काही करायला सांगणं, दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा न लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर कागद शोधत बसू नका. त्याच दिवशी तातडीची मदत घ्या.

केंद्रांबद्दलही एक सांगायला हवं. 'रिकव्हरी' हा शब्द आता सगळीकडे आलाय, पण तो भिंतीवर लावल्याने काही होत नाही. इंग्लंडमध्ये सामुदायिक सेवेतल्या 27 पथकांत अशा दृष्टीने काम करण्याची चाचणी झाली, 2015 मध्ये निष्कर्ष आले: एकूण पाहता लोकांच्या सावरण्यात ठळक फरक पडला नाही. ज्या पथकांनी ती पद्धत मनापासून राबवली, तिथे मात्र परिणाम बरे दिसले. तेव्हा 'तुमचा भाऊ आता रिकव्हर झालाय, पुढच्या भेटींची गरज नाही' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. नोकरी लागली म्हणून आधार काढून घेतला जात असेल, तर लेखी विचारा की पुढे अडचण आली तर कुणाकडे यायचं. कुटुंबासाठी सत्रं आहेत का तेही विचारा. अशा सत्रांनी आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. इंग्लंडच्या उपचारविषयक शिफारशींत तीन महिने ते वर्षभराच्या काळात निदान दहा सत्रं असावीत असं म्हटलंय.

आणि तुम्ही. मराठी स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द आवडतात, कारण त्यात दोघांनाही जागा आहे. तुमच्या पत्रात शुभंकराबद्दल दीड ओळ आहे: 'मी अकाउंट्समध्ये होते, आता ते सगळं विसरले.' विसरला नसाल. असा एखादा गट जवळ असेल तर महिन्यातून एकदा जा, तिथे दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या आणखी बहिणी भेटतील. आणि भाऊ कामाला जाईल त्या तासांत घर आवरत बसू नका.

या आठवड्यात एवढंच करा. तो चहा घेत बसला असेल तेव्हा शेजारी बसा, समोर नको. भांडणाची माफी मागायची असेल तर मागा, पण थोडक्यात. मग विचारा, 'ग्रंथालयात तुला काय करायला आवडेल?' आणि थांबा. तो कपाकडे बघत राहील, कदाचित तुम्हाला वाटेल की ऐकलंच नाही. तरी थांबा.